स्ट्रॉफ्लॉवर: लागवड, काढणी आणि सुकवणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी गणपती उठले की "बी आता टाकू का?" हे सुरू होतं आणि फेब्रुवारीत "फुलं वाळली, पण मधून कापूस निघाला" असे फोटो येऊ लागतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान 9 आणि 12 वाचा.

1. स्ट्रॉफ्लॉवर म्हणजे नक्की कोणतं फूल? हेलिक्रायसम आणि पेपर फ्लॉवर हेच का?

हो. रोपवाटिकेत आणि बियांच्या पाकिटावर ही तिन्ही नावं चालतात. शास्त्रीय नाव आता झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम आहे. 1990 मध्ये ते हेलिक्रायसम वंशातून वेगळं काढलं, पण बाजारात जुनंच नाव राहिलं. पेपर फ्लॉवर म्हणून कुणी बोगनवेलही हातात ठेवतं, म्हणून मागताना "हेलिक्रायसम" म्हणा.

झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. ज्या रंगीत पाकळ्या दिसतात त्या खऱ्या पाकळ्या नाहीत, ती छदं आहेत, म्हणजे फुलाभोवतीची पानांसारखी आवरणं. खरी फुलं बारीक असतात आणि मधल्या पिवळ्या चकतीत दाटीने बसलेली असतात. या छदांच्या पेशी मेलेल्या असतात, त्यांत पाणी जवळजवळ नसतंच. झाडावरच्या फुलाला बोट लावलं तरी ते कुरकुरतं. म्हणजे रंगीत भाग सुकलेलाच येतो. आपल्याला सुकवायचा असतो तो देठ आणि मधली चकती. पुढची बरीचशी उत्तरं यातूनच निघतात. (बोलायला सोपं म्हणून पुढे पाकळ्याच म्हटलंय.)

2. कोणतं बी घ्यावं? पाकिटांवर खूप प्रकार दिसतात.

कापून सुकवायचं असेल तर उंच वाण घ्या, साधारण 90 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढणारं. पाकिटावर "टॉल डबल" किंवा "मॉन्स्ट्रॉसम" लिहिलेलं असतं. "बिकिनी"सारखी बुटकी वाणं फुटभर वाढतात. कुंडीत छान दिसतात, पण देठ आखूड असल्यामुळे जुडी बांधता येत नाही.

हौसेसाठी मिश्र रंग ठीक आहेत. तोरणं, राख्या, फ्रेम असं काही करून विकायचं असेल तर रंग सुटेसुटे घ्या, नाहीतर लागणारा रंग नेमका कमी निघतो. बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर दाणे भरतात, त्यामुळे घरच्या बागेला छोटं पाकीट पुरतं. पाकिटावरचं वर्ष मात्र बघून घ्या.

3. महाराष्ट्रात पेरणी कधी करायची?

हे आपल्याकडचं थंडीचं फूल. पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बी टाकावं. पेरणीपासून फुलापर्यंत तीन महिने धरा. थंडीत दिवस लहान असल्याने थोडं मागेपुढे होतं. फुलं जानेवारीत सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात.

विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरच्या उन्हात रोपं होरपळतात. ट्रे शेडनेटखाली ठेवा आणि पेरणी फार लांबवू नका, कारण तिकडे मार्चच्या मध्यापासून ऊन फुलांना टिकू देत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला पाऊस पूर्ण उघडल्यावर पेरलं तरी चालतं, तिथली थंड रात्र याला मानवते. कोकण आणि गोव्यात पेरणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला करा; दमटपणाचं काय करायचं ते 14 मध्ये आहे.

पावसाळ्यात लावू नका. मुळं कुजतात, आणि चुकूनमाकून फुलं आलीच तर ती मिटलेलीच राहतात.

4. बी टाकून वीस दिवस झाले, काहीच उगवलं नाही. बी खराब होतं का?

बहुतेक वेळा बी चांगलं असतं, फक्त मातीखाली गाडलेलं असतं. या बीला उगवायला उजेड लागतो. भिजवलेल्या कोकोपीटवर बी पसरा, बोटाने अलगद दाबा आणि वर काहीही टाकू नका. पाणी झारीने नको, फवाऱ्याने. ओल टिकवायला वरून पारदर्शक प्लास्टिक चालेल. गोणपाट किंवा वर्तमानपत्र घातलं की अंधार होतो. 18 ते 24 अंश तापमानात आठ-चौदा दिवसांत कोंब दिसतात. कोंब दिसले की प्लास्टिक लगेच काढा, नाहीतर रोपं मानेतून कोलमडतात.

चार-सहा पानांवर, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी रोप हलवावं.

5. दोन रोपांत अंतर किती? काठीचा आधार लागतो का?

अंतर 25 ते 30 सेंटिमीटर. गादीवाफा असेल तर उत्तम. उंच वाणाला आधार लागतोच. वाफ्याच्या कडेने तुराट्या रोवून दोन थरांत सुतळी ओढली तरी भागतं. आधार नसला की झाड लवंडतं, शेंडे पुन्हा वर वळतात आणि देठ वाकडे होतात. वाकडा देठ वाळल्यावर सरळ करता येत नाही.

6. गच्चीत कुंडीत होईल का?

होईल. उंच वाणाला दहा-बारा इंची कुंडी, एका कुंडीत एकच रोप, दिवसाला किमान सहा तास ऊन. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा. फ्लॅटच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत सकाळचंच ऊन असेल तर फुलं येतील, पण देठ बारीक राहतील.

7. नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या आहेत. युरिया घालू का?

घालू नका. नत्र कमी असतं तेव्हा आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे हमखास होतं. या झाडाला किंचित आम्ल जमीन आवडते, सहाच्या आसपास सामू (पीएच). आपल्या काळ्या जमिनीचा सामू कितीतरी ठिकाणी आठ किंवा त्याच्या वर जातो. जमिनीत लोह असतं, पण अशा सामूला ते मुळांना घेता येत नाही. त्यात पाणी जास्त झालं की पिवळेपणा वाढतो, म्हणून पहिला उपाय म्हणजे पाणी कमी करून वाफसा येऊ द्या.

दुसरा उपाय फवारणी: लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल). संध्याकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. कळ्या रंग दाखवायच्या आत हे उरका, नाहीतर पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. हिराकस मातीत टाकून उपयोग नाही, ते अशा जमिनीत लगेच अडकतं. जमिनीतून द्यायचंच तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं) घ्या, आणि तेही ईडीडीएचए प्रकारचं. दुकानात सहज मिळणारं ईडीटीएचं लोह एवढ्या सामूला टिकत नाही.

पुढच्या वर्षासाठी गादीवाफा उंच करून त्यात लाल माती आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. मला विचाराल तर काळ्या जमिनीशी झगडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

8. शेंडा खुडायचा का? खत आणि पाणी किती?

रोप वीतभर झालं की शेंडा एकदा खुडा. फूल आठवडा-दोन आठवडे उशिरा येतं, पण फांद्या वाढतात. पेरणीलाच उशीर झाला असेल तर खुडू नका, मार्चचं ऊन तुमच्यासाठी थांबणार नाही.

खत बेताचं. लागवडीला शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, कळ्या धरताना एखादं हलकं संतुलित खत. नत्र जास्त झालं की पानं माजतात, देठ मऊ होतात आणि मावा येतो. पाणी मुळाशी, शक्यतो ठिबकने. वरून मारलेल्या पाण्याने केवडा (पानांवरचा बुरशीरोग) येतो.

9. सुकवण्यासाठी फूल नेमकं कधी काढायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या बरंच आधी. जेमतेम उमललेलं असताना.

बाहेरच्या पाकळ्यांचे दोन-तीन फेर उघडले आहेत, आतल्या पाकळ्या मिटून मधे टोकदार शंकू झालाय आणि पिवळी चकती अजिबात दिसत नाही, या टप्प्यावर कापा. कापल्यावरही फूल उमलत राहतं, कारण मधला भाग जसजसा वाळतो तसतशा पाकळ्या बाहेर वळतात. आज अर्धं उघडलेलं फूल दोन आठवड्यांनी पूर्ण उघडलेलं मिळतं. बागेत पूर्ण उघडलेलं कापाल तर वाळल्यावर पाकळ्या मागे उलटतात.

वेळ महत्त्वाची आहे. दवाने भिजलेलं फूल मिटतं, त्यामुळे सकाळी सातला पिकलेलं फूलही कोवळं दिसतं आणि आपण फसतो. दव पूर्ण उडू द्या, दहाच्या पुढे बागेत जा. तेव्हा फूल आपलं खरं वय दाखवतं. शंका आली तर दोन बोटांनी वरच्या पाकळ्या जरा फाकवून आत डोकवा. पिवळं दिसलं तर ते फूल सुकवण्याच्या कामाचं राहिलेलं नाही.

सगळी फुलं एकदम तयार होत नाहीत. मधलं पहिलं फूल आधी येतं, त्याला लांब देठ मिळत नाही, कारण लगेच खालीच बाजूच्या कळ्या असतात. ते आखूड कापा आणि तार लावा (12 पाहा). मग बाजूचे फुटवे लांबतात आणि जुडीजोगे देठ मिळतात. हंगाम भरात आला की एक दिवसाआड बागेत फेरी हवी. आठवड्याने एकदा गेलात तर निम्मी फुलं हातची जातात.

10. फुलं वाळली, पण मधून कापसासारखं निघतंय. काही करता येईल?

त्या फुलांचं आता काही होत नाही. फूल उशिरा कापलं, चकतीतल्या बारीक फुलांना बी धरलं आणि वाळताना बियांची तुसं मोकळी झाली. मधला भाग काढून टाकून नुसत्या पाकळ्या भेटकार्डावर चिकटवायला किंवा वाळलेल्या पाकळ्यांच्या मिश्रणात वापरता येतात. पुढच्या वेळी 9 प्रमाणे कापा.

11. कापल्यावर सुकवायचं कसं?

पानं सगळी ओरबाडून काढा, ओल त्यांच्यातच असते. दहा-बारा देठांची जुडी करा आणि फुलं एकमेकांवर दाबली जाणार नाहीत अशी वरखाली ठेवा. बांधायला रबर वापरा. देठ वाळताना आकसतात. सुतळी सैल होऊन जुडी सुटते, रबर आवळत राहतं. उलटी टांगा. जागा कोरडी, अंधारी आणि वारा खेळणारी हवी. माळा चालतो, बंद खोलीत पंखा लावला तरी चालतं. स्वयंपाकघर नको, वाफ आणि फोडणीचा तेलकटपणा दोन्ही पाकळ्यांवर बसतात.

दोन ते तीन आठवडे लागतात. फेब्रुवारी-मार्चची देशावरची कोरडी हवा असेल तर कधी त्याच्या आतच काम होतं. देठ वाकवल्यावर कट्कन मोडला आणि फुलाच्या मागचा टणक भाग अंगठ्याने दाबल्यावर दबला नाही, की झालं. पाकळ्यांवरून अंदाज करू नका. त्या पहिल्या दिवसापासून कोरड्याच असतात, ओल त्यांच्यामागे लपलेली असते.

12. वाळल्यावर फुलाची मान वाकते किंवा फूल गळून पडतं. तार कशी लावतात?

फुलाच्या लगेच खालचा देठ नाजूक असतो, म्हणून मोठ्या फुलांना तार लावतातच. हे काम कापल्या दिवशीच करायचं.

देठ बोटाच्या एका पेरापेक्षा थोडा कमी ठेवून बाकीचा छाटा. सेंट्रिंगवाले वापरतात ती बाइंडिंग वायर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचा वीतभर तुकडा घ्या. फूल उलटं धरून तार देठाच्या मध्यातून वर सरकवा. आधी मऊ लागेल, मग फुलाच्या तळाशी थोडा अडथळा जाणवेल. तो पार करून जरा आत गेलात की थांबा, तारेचं टोक पुढून दिसता कामा नये. फूल वाळताना आकसतं आणि तार घट्ट धरून ठेवतं. तारेवर थोडा गंज चढला तर पकड आणखी पक्की होते, म्हणून गंज न चढणारी महाग तार शोधू नका. वाळलेल्या फुलात तार घालायला गेलात तर तळ तडकतो.

तारेची फुलं वाळूने भरलेल्या डब्यात सरळ उभी करून वाळवा. नंतर तार झाकायला हिरवी टेप मिळते, पण मला गव्हाचं काड जास्त आवडतं. मार्चमध्ये गव्हाची काढणी चालूच असते. पोकळ काड तारेवर चढवलं की देठ खरा वाटतो.

13. उन्हात, मायक्रोवेव्हमध्ये किंवा सिलिका जेलमध्ये लवकर सुकवता येतील का?

उन्हात वाळतात, पण लाल-गुलाबी रंग फिके पडतात. मायक्रोवेव्ह या फुलाला नकोच, आणि तार लावलेली फुलं तर अजिबात घालू नका. सिलिका जेल गुलाबासारख्या पाणीदार फुलांसाठी. इथे त्याचा खर्च वाया. साठवणीत मात्र ते कामाला येतं (15 पाहा).

14. आम्ही रत्नागिरीला राहतो. हवा दमट, फुलं नीट वाळत नाहीत.

जुड्या बारीक करा, पाच-सहा देठांच्याच. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्याच फुलांना तार लावा. लांब देठच राहिला नाही की वाळवायला उरतो फक्त मधला भाग. खोलीत सतत पंखा, एसी असेल तर दिवसा काही तास तोही. एसी हवेतली ओल ओढून घेतो. अवकाळी पाऊस येणार असेल तर तयार फुलं आदल्या दिवशीच कापून आत आणा. भिजलेलं फूल झाडावरच राहू द्या, दोन कोरडे दिवस गेल्यावर 9 मधली खूण पुन्हा तपासा.

15. फुलदाणीतली वाळलेली फुलं जूनमध्ये पुन्हा कळीसारखी मिटली. खराब झाली का?

नाही. पाकळीच्या बुडाशी मागच्या बाजूच्या पेशी हवेतली ओल शोषून फुगतात, म्हणून पाकळी आत वळते. कोरडं झालं की ती परत उघडते. पेशी मेलेल्या असल्या तरी हे होतं, आणि वर्षानुवर्षं होत राहतं. खात्री करायची तर एक जुनं फूल पाण्यात बुडवून ठेवा आणि बघत बसा. मुलांना दाखवायला फार छान आहे.

खरा धोका बुरशीचा. मिटलेल्या फुलाच्या मधे करडी लव दिसली तर ते फूल टाका, बाकीची पंख्याखाली ठेवा. मेअखेरीलाच फुलं हवाबंद डब्यात, मधे बटर पेपर आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली तर गणपतीपर्यंत जशीच्या तशी राहतात. अर्धवट वाळलेली फुलं मात्र डब्यात भरू नका, आतली ओल सगळा डबा बुरसवते.

16. रंग किती टिकतात?

थेट ऊन नसेल तर दोन-तीन वर्षं सहज. पिवळा आणि केशरी सर्वांत टिकाऊ, गुलाबी हळूहळू मळकट होतो, पांढरा साईच्या रंगावर जातो. खिडकीसमोर ठेवलीत तर हा हिशोब सोडून द्या.

17. डब्यात बारीक लालसर भुंगे आणि पिठासारखा भुगा दिसतोय.

हळद-धण्यात पडतो त्याच जातीचा भुंगा आहे, वाळलेली फुलंही त्याला चालतात. फुलं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर फुलांवर दव धरतं. कीटकनाशक फवारू नका, फुलं भिजतील आणि घरात वास राहील तो वेगळाच. ज्या माळ्यावर धान्य-मसाले आहेत तिथे फुलं ठेवू नका.

18. ताजी म्हणून फुलदाणीत चालतात का?

चालतात, आठवडाभर तरी. फुलाच्या आधी पानं खराब होतात, म्हणून पाण्याखाली येणारी पानं काढा आणि पाणी एक दिवसाआड बदला. नंतर हीच फुलं सुकवू असं मनात असेल तर ते विसरा. पाण्यात ती उमलत राहतात आणि 10 मधला कापूस समोर येतो.

19. घरचं बी धरलं तर चालेल?

चालेल. एक-दोन चांगली झाडं न कापता सोडा, मधे कापूस मोकळा झाला की बी झटकून घ्या. पण मधमाश्या या फुलांवर भरपूर येतात आणि रंग मिसळतात. शेजारी गुलाबी वाफा असेल तर पांढऱ्याच्या बियांतून सगळं पांढरंच येईल अशी आशा धरू नका.

20. ही फुलं देवाला वाहता येतात का? गणपतीच्या आरासीला चालतील?

पूजेला आपल्याकडे ताजं फूल वाहतात, ती जागा या फुलाची नाही. आरासीला मात्र याच्यासारखं दुसरं नाही. राज्यात 2018 पासून थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखराला काय लावायचं हा प्रश्न घरोघरी आहे. फेब्रुवारीत सुकवलेली फुलं भाद्रपदात बाहेर काढता येतात. आरास समईपासून लांब ठेवा, ही फुलं झटकन पेट घेतात. हवा दमट असेल तर सजावटीच्या आदल्या रात्री 15 मध्ये सांगितल्याप्रमाणे उघडी करून पंख्याखाली ठेवा.

21. शेतात लावून विकता येतील का?

गिऱ्हाईक ठरल्याशिवाय एकरी लागवड करू नका. दादर किंवा गुलटेकडीच्या फूलबाजारातली उलाढाल मुख्यतः ताज्या फुलांची असते. देशातल्या सुक्या फुलांच्या निर्यातीची मोठी केंद्रं तमिळनाडूत तुतिकोरिन आणि बंगालमध्ये कोलकाता. त्यामुळे इथे सुरुवात करायची तर एखाद-दुसऱ्या गुंठ्यावर, आणि माल नुसता जुडीने विकण्याऐवजी तोरण, राखी, फ्रेम करून. मजुरी कापणीत आणि तार लावण्यात जाते, बियांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. रोज कापायला हात नसतील तर या पिकाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

22. आम्ही न्यू जर्सीत असतो. वरच्या तारखा इकडे चालतील का?

तारखा उलट्या करा. बी मार्च-एप्रिलमध्ये घरात उजेडाला लावा, कडाक्याचं दहिवर पडायचं थांबल्यावर, म्हणजे मे महिन्यात, रोपं बाहेर लावा. फुलं जुलैपासून पहिल्या जोरदार दहिवरापर्यंत मिळतात. कापणीची खूण तीच, फक्त तिकडचा उन्हाळा दमट असतो म्हणून 14 वाचा.

23. बटणफूल, कोंबडा, स्टॅटिस हीही याच टप्प्यावर कापायची का?

नाही, आणि इथे बरेच जण गोंधळतात. लवकर कापायचं ते फक्त स्ट्रॉफ्लॉवर. बटणफूल पूर्ण भरून टणक झालं की कापा, कोवळं कापलं तर वाळताना विस्कटतं. कोंबडा पूर्ण वाढल्यावर, पण खालून काळं बी झडू लागायच्या आधी. स्टॅटिसच्या तुऱ्यातली बहुतेक फुलं रंगात आली की. टांगणं, अंधार, वारा हे सगळ्यांना सारखंच.

24. मार्चमध्ये झाडं छाटून ठेवली तर पुढच्या थंडीत पुन्हा फुलतील का?

महाबळेश्वरसारख्या ठिकाणी किंवा बंगळुरात एखादं झाड तग धरतं, कारण मुळात हे काही वर्षं जगू शकणारं झाड आहे. बाकी महाराष्ट्रात मे महिन्याचं ऊन सोसलंच तर जुलैच्या पावसात मुळं कुजतात. कुंडी पावसाआड ठेवून जगवलेल्या झाडाला दुसऱ्या वर्षी खोड लाकडी होतं आणि फुलं लहान येतात. मार्चअखेरीला शेवटची फुलं कापून झाड कंपोस्टमध्ये टाका आणि सप्टेंबरात नवं बी लावा.